चार्म पॅक: रंग जुळलेले मिळतात, उठाव आपला आपण आणायचा

नवी गोधडी हातात घेतली की कापड कापण्याआधीच रंगांच्या निवडीत दिवस मोडतात. त्यावरचा तयार उपाय म्हणजे चार्म पॅक: 5 इंची चौकोनी तुकड्यांचा गड्डा, बहुधा 42 तुकड्यांचा. सगळे छाप कापडाच्या एकाच मालिकेतले, म्हणजे एकत्र शोभतील असे आखलेल्या संचातले, त्यामुळे या निळ्याशेजारी कुठला गुलाबी चालेल ही डोकेफोड वाचते. मालिकेत छाप कमी असतील तर काही तुकडे दोनदा येतात, ते चालतं. रंगसंगतीचं काम पॅक चोख करतो. फसगत होते ती फिकट-गडदात.

अशा मालिकांत मधल्या छटेचे छापच जास्त. गड्डा हातात असताना ते लक्षात येत नाही. दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून जोडा, कर्णरेषा आखा, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा आणि रेषेवर कापा. दोन त्रिकोणी जोडचौकोन मिळतात. एक तुकडा फिकट आणि एक गडद असेल तर तिरकी रेष लांबूनही ठसठशीत दिसते. मोरपिशी आणि गुलाबी दोन्ही मधल्या छटेचे असतील तर रंग वेगळे असूनही तीन मीटरवरून नक्षी विरघळते, आणि सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून टीप मारण्याआधी सगळे तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलने फोटो काढा आणि कृष्णधवल करा. फिकट, मधले, गडद असे तीन ढीग आपोआप दिसतात. छटा तपासायची लाल फिल्मही मिळते, पण तिच्यातून लाल-केशरी कापड आहे त्यापेक्षा फिकट भासतं. तांबड्या मालिकेत ती चक्क दिशाभूल करते. फोटो पुरतो. तो दिवसाच्या उजेडात काढा, पिवळ्या दिव्याखाली निळे-करडे ओळखू येत नाहीत.

फिकट ढीग लहान निघाला तर दुसरा पॅक घेऊ नका, तेच छाप पुन्हा येतील. त्याऐवजी साधं फिकट कापड घ्या. 42 तुकड्यांना जोडीदार म्हणून 5 इंची 42 चौकोन लागतात. 42 इंच वापरता येण्याजोग्या पन्ह्यातून एका पट्टीत 8 निघतात, म्हणजे 6 पट्ट्या, 30 इंच; एक मीटर घेतलं की चुकीलाही जागा राहते. यातून 84 जोडचौकोन होतात. ते साडेचार इंचांवर छाटून 9 बाय 9 मांडले तर 36 इंची चौरस वरचा थर तयार, 3 शिल्लक. शुभ्र पांढरं टाळा, मळकट छापांशेजारी ते डोळ्यात खुपतं. मलईसारखी छटा बरी.

इथे पॅकची एक उणीव जाणवते. ताग्याच्या काठावर छापात वापरलेल्या रंगांचे ठिपके असतात, त्यांवरून जोडीचं साधं कापड नेमकं निवडता येतं. कापलेल्या तुकड्यांना काठच नसतो. मग सर्वांत बारीक फुलातला रंग बघून जुळवा.

कडा दातेरी असतात, दशा सुटू नयेत म्हणून. काही पॅकमध्ये 5 इंच दाताच्या टोकापर्यंत भरतात, काहींत खाचेपर्यंत. आधी एक तुकडा पट्टीने मोजा, नाहीतर मायेत, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडात, फरक पडून कोपरे जुळत नाहीत. इस्त्री करताना माया गडद बाजूला वळवा; फिकट कापडाखालून गडद माया सावलीसारखी दिसते.

तुकडे शिवण्याआधी धुऊ नका, ते आक्रसतात आणि वेडेवाकडे होतात. मग जोडीचं साधं कापडही न धुताच वापरा. एक धुतलेलं आणि एक कोरं असेल तर पहिल्या धुण्यात कोरंच आटतं आणि शिवणीजवळ चुण्या पडतात. लाल आणि गडद निळ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. डाग उमटला तर तो तुकडा बाजूलाच ठेवा, कितीही देखणा असला तरी.