अंधाऱ्या गाळ्यात उजळ दिसलेले ब्रेकलाइट

गाडीचे मागचे दिवे काळसर करून घेण्याची हौस माझीच होती आणि ती कुणी माझ्या गळ्यात मारली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. मात्र त्या हौसेच्या मागे जे खोटे मला विकले गेले, त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट जागेवरच दोन मिनिटांत तपासता आली असती, आणि ती मी तपासली नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ॲक्सेसरीज बसवणाऱ्या त्या फिटरने मला तीन आश्वासने दिली होती. दिव्यांवर तो 'हलका स्मोक' असलेली फिल्म लावणार होता, तिच्यातून 80 टक्के प्रकाश बाहेर येणार होता आणि नको वाटेल तेव्हा ती सोलून काढता येणार होती. उरलेल्या 20 टक्क्यांची तूट भरून काढण्यासाठी तो जुने बल्ब काढून त्यांच्या जागी एलईडी बल्ब बसवणार होता, ज्यांच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 2000 लुमेन (लुमेन म्हणजे एकूण प्रकाशाचे माप) असे छापलेले होते. आणि हे सगळे नियमात बसते का, या माझ्या प्रश्नावर त्याने दिव्याच्या काचेवर कोरलेल्या, वर्तुळातील 'ई' अक्षराच्या शिक्क्यावर बोट ठेवून सांगितले की, दिवा मान्यताप्राप्त आहे, मान्यता त्याच्यावरच लिहिलेली आहे, आता आणखी काय हवे?

संध्याकाळी गाडी ताब्यात घेताना शटर अर्धे खाली ओढलेले होते आणि आत एकच ट्यूबलाइट जळत होती. त्याच्या मदतनिसाने ब्रेक दाबला, समोरची भिंत लालभडक झाली आणि मी खूश होऊन पैसे चुकते केले. अंधाऱ्या गाळ्यात देवघरातला नंदादीपसुद्धा डोळ्यांत भरतो, हे मला त्या क्षणी सुचले नाही. ब्रेकलाइटची खरी परीक्षा भर उन्हात असते, कारण तिथे त्याला सूर्याशी स्पर्धा करावी लागते.

ती परीक्षा चार दिवसांनी झाली. माझा आतेभाऊ त्याच्या गाडीतून माझ्या मागे येत होता आणि मावळतीचे ऊन थेट माझ्या गाडीच्या पाठीवर पडत होते. एका वळणाआधी मी वेग कमी केला, तेव्हा तो माझ्यावर आदळता आदळता राहिला. पुढे थांबल्यावर त्याचे पहिले वाक्य होते, "अरे, तुझा फक्त मधला दिवा पेटतो, बाजूचे दोन्ही बंद आहेत." ते बंद नव्हते. मी ब्रेक दाबून ठेवला आणि त्याला मागे उभे केले, तर अगदी जवळ गेल्यावर, हाताने सावली केल्यावर, आत लाल ठिपके पेटलेले त्याला दिसले. मागच्या काचेच्या आतील तिसऱ्या ब्रेकलाइटला फिटरने हात लावला नव्हता, म्हणून त्या दिवशी आमच्या दोन्ही गाड्या वाचल्या. अमेरिकेत हा मधला दिवा 1986 च्या मॉडेलपासून प्रवासी गाड्यांना सक्तीचा झाला. त्या दिवसापर्यंत मला मात्र तो निव्वळ शोभेचा वाटत असे.

घरी येऊन फिल्म सोलायला बसलो, तेव्हा पहिले खोटे उघडे पडले. नखाने कडा शोधत मी दिव्याभोवती दोनदा फिरलो, पण कडा कुठेच सापडेना, कारण फिल्म नव्हतीच. काळ्या पारदर्शक रंगाची फवारणी करून वर क्लिअर कोट मारलेला होता. फवारणीतील लबाडी अशी की, प्रत्येक हात मागच्या हाताच्या प्रकाशाला गुणून कमी करतो. एका हातातून 70 टक्के प्रकाश जात असेल, तर दोन हातांतून 49 आणि तीन हातांतून जेमतेम 34 टक्के उरतो. पुढे एका बाजूचा रंग काढल्यावर मी फोनच्या प्रकाशमापकाने समान अंतरावरून दोन्ही बाजू मोजून पाहिल्या. असे मोजमाप प्रयोगशाळेच्या दर्जाचे नसते हे मान्य आहे, पण रंगवलेल्या बाजूचा आकडा स्वच्छ बाजूच्या साधारण एक तृतीयांश आला, आणि तिथे ऐंशी टक्क्यांची भाषा संपली.

याहून वाईट गोष्ट माझ्या लक्षात बरीच उशिरा आली. टेललाइटच्या काचेतच लाल परावर्तकाचा एक पट्टा असतो; गाडी रस्त्याकडेला दिवे बंद करून उभी असते, तेव्हा मागून येणाऱ्याला ती दिसते ती केवळ त्या पट्ट्यामुळे. दिव्याचा प्रकाश रंगाच्या थरातून एकदाच बाहेर पडतो, परंतु परावर्तकावर पडणाऱ्या प्रकाशाला तो थर आत जाताना एकदा आणि परत येताना पुन्हा एकदा ओलांडावा लागतो. म्हणजे 34 टक्क्यांचे पुन्हा 34 टक्के, सुमारे 12. रात्री बंद पडून उभी असलेली माझी गाडी मागून येणाऱ्याच्या लेखी जवळजवळ नाहीशीच झाली होती, आणि ही तूट कितीही तेजस्वी बल्ब लावून भरून निघणारी नव्हती, कारण परावर्तकामागे बल्ब नसतोच.

आता त्या बल्बांविषयी. मूळ बल्ब दोन तारांचा होता: रात्रभर जळणारी 5 वॉटची तार आणि ब्रेक दाबल्यावर पेटणारी 21 वॉटची. या दोहोंच्या तेजात मोठी तफावत मुद्दाम ठेवलेली असते, त्यामुळेच रात्री मागच्या चालकाला 'दिवा लागलेला आहे' आणि 'ब्रेक दाबलेला आहे' यांतील फरक क्षणात कळतो. 21 वॉटची ती तार सुमारे 440 लुमेन प्रकाश देते. ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने नव्या एलईडी बल्बला मीटर जोडला, तर 12 व्होल्टला तो पाव अँपिअर विद्युतप्रवाह घेत होता, म्हणजे अवघे 3 वॉट. उत्तम प्रतीची एलईडी दर वॉटला दीडशे लुमेनच्या आसपास देते असे धरले, तरी हिशेब साडेचारशेच्या पुढे जात नाही. खोक्यावरचे 2000 लुमेन केवळ पुठ्ठ्यावर होते. शिवाय तो बल्ब साधा तेवत असताना आणि ब्रेक दाबल्यावर, अशा दोन अवस्थांतील फरक इतका थोडा होता की, मी स्वतः मागे उभा असूनही दोनदा चुकलो.

त्यात बल्ब पांढऱ्या प्रकाशाचे निघाले. "लाल काचेमागे पांढरा लावला की लालच दिसणार," हे फिटरचे म्हणणे ऐकायला बिनतोड वाटते. तापलेल्या तारेच्या प्रकाशात लाल भाग भरपूर असतो, म्हणून जुन्या बल्बपुरते ते खरेही होते. पांढरी एलईडी मात्र मुळात निळी असते. तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप देऊन डोळ्यांना पांढरा भासणारा प्रकाश तयार केलेला असतो आणि त्यात लाल भाग कमी असतो. लाल काच निळा आणि हिरवा भाग अडवते, त्यामुळे बल्बच्या मेहनतीचा मोठा वाटा काचेतच जिरतो.

आणखी एक दोष बल्बच्या ठेवणीतच होता. दिव्याच्या आतील चकचकीत वाटी ही ठरावीक जागी असलेल्या काही मिलिमीटरच्या तारेसाठी घडवलेली असते. ती तार चहूबाजूंना प्रकाश टाकते आणि वाटी तो गोळा करून मागे पसरवते. एलईडी बल्बवर दांड्याच्या बाजूंना चिकटवलेल्या टिकल्या असतात, त्यांतील प्रत्येक टिकली आपापल्या समोरच प्रकाश फेकते, आणि वाटीला जिथे प्रकाश हवा तिथे तो पोचत नाही. परिणामी सरळ मागून पाहिले तर डोळ्यांत टोचणारे ठिपके आणि थोडे बाजूला सरकले की अंधार. युरोपीय नियमांप्रमाणे ब्रेकलाइट दोन्ही बाजूंना 45 अंशांपर्यंत दिसावा लागतो, आणि सरळ मागून पाहताना त्याची तीव्रता किमान 60 कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) असावी लागते. 'ई'च्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की, कारखान्यातून बाहेर पडताना, स्वच्छ काचेसह आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या बल्बसह, तो दिवा या कसोट्यांना उतरला होता. त्यावर रंग मारला आणि आतला बल्ब बदलला की शिक्का तेवढा जागेवर राहतो.

इंडिकेटरचे प्रकरण तर आगीपर्यंत गेले असते. एलईडी बल्ब बसवल्यावर विद्युतप्रवाह इतका घटतो की, फ्लॅशर रिलेला, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करवणाऱ्या भागाला, बल्ब उडाला आहे असे वाटते आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने उघडझाप करू लागतो. त्यावर उपाय म्हणून फिटरने मला न सांगता, घटलेला विद्युतप्रवाह पुन्हा वाढवणारे 6 ओहमचे रेझिस्टर जोडले होते, इंडिकेटरला आणि, कहर म्हणजे, ब्रेकच्या तारेलाही. 14 व्होल्टला असा एक रेझिस्टर 30 वॉटहून अधिक उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावा लागतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने डिकीतील आवरण उचकटले, तेव्हा ते सोनेरी रेझिस्टर प्लॅस्टिकलाच दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलेले आढळले. पट्टी वितळून खाली ओघळली होती, बाजूच्या तारेचे वेष्टन तपकिरी पडून कडक झाले होते आणि हात लावताच त्याचा कपचा निघाला. वाहतुकीच्या कोंडीत ब्रेकवर पाय ठेवून मी किती वेळ बसलो असेन, हे आठवून नंतर अंगावर काटा आला. वीज वाचवणारा बल्ब आणि त्याची बचत जाळून टाकणारा रेझिस्टर, अशी ही जोडगोळी.

एलईडीवर माझा सरसकट राग नाही. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला एलईडी दिवा तारेच्या बल्बपेक्षा सुमारे 0.2 सेकंद आधी पूर्ण तेजाने पेटतो, आणि ताशी 100 किलोमीटर वेगाने मागून येणाऱ्याला तेवढ्यात साडेपाच मीटर अधिक मिळतात. त्याचेही तोटे आहेत: आतील एखादी टिकली गेली तर पुष्कळदा सबंध दिवाच बदलावा लागतो, लाल एलईडी तापली की तिचे तेज उतरते, आणि काच पुरेशी गरम होत नसल्यामुळे बर्फाळ प्रदेशात दिव्यावर साचलेला बर्फ वितळत नाही. तरीही तो दिवा एलईडीसाठीच घडवलेला असतो. माझ्या गाडीत जे झाले, ते दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा ओढूनताणून चढवण्यासारखे होते.

तक्रार घेऊन गेलो, तेव्हा फिटरने कुरकुर न करता रंग काढून देण्याची तयारी दाखवली, आणि मी पुन्हा फसलो. त्याने थिनरचा बोळा फिरवला. मागच्या दिव्यांची 'काच' म्हणजे बहुधा ॲक्रिलिक असते आणि तिला थिनर सोसत नाही. रंग निघाला, पण उजव्या दिव्यावर केसांसारख्या बारीक चिरांचे जाळे उमटले, ते आजही तिरप्या उन्हात दिसते. डावा दिवा मी त्याला शिवू दिला नाही. तो घरी 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने, सतत पाणी सोडत, हळूहळू घासला आणि शेवटी पॉलिशने उजळला. त्याला दोन सुट्ट्या लागल्या, पण काच शाबूत राहिली.

असे काम कुणाला करून घ्यायचेच असेल, तर निदान वापरलेल्या वस्तूचे रिकामे वेष्टन आणि काढलेले मूळ भाग गाळा सोडण्यापूर्वी हातात घ्यावेत, आणि गाडी भर दुपारी उन्हात उभी करून पंचवीस-तीस पावलांवरून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पाहावे. मी यांतील काहीच केले नव्हते. पैसे परत मिळाले नाहीत. माझे जुने बल्ब तरी द्या म्हटल्यावर त्याने टेबलाखालचा डबा उपडा करून त्यांतले दोन पुसून माझ्या हातावर ठेवले. माझ्या बल्बच्या बुडाशी दोन खुंट्या वरखाली होत्या, कारण दोन तारांचा बल्ब उलटा बसू नये म्हणून त्या तशा असतात. या दोघांच्या खुंट्या समोरासमोर, एकाच उंचीवर होत्या आणि आत तारही एकच होती. घरी येऊन होल्डरमध्ये घालून पाहिले, तर ते बसलेही नाहीत.