टूर्निके: हातपंपाचे घ्यावे की विजेवरचे?

हातापायाला हवेने फुगणारा पट्टा, म्हणजे कफ, बांधून शस्त्रक्रियेपुरता तिथला रक्तप्रवाह थांबवणारे साधन म्हणजे टूर्निके. सांगली-मिरजेतल्या हाडांच्या दवाखान्यांत मी हातपंपाचे टूर्निके बरीच वर्षे वापरले आणि आता विजेवरचे वापरतो. नव्या ऑपरेशन थिएटरसाठी निवड करणाऱ्यांना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

हातपंप स्वस्त आहे आणि वीज गेली तरी त्याचे काही अडत नाही. अर्ध्या तासात उरकणाऱ्या हाताच्या शस्त्रक्रियांनाच तो लागणार असेल, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. माझे मन उडाले ते त्याच्या एकाच खोडीमुळे, ती म्हणजे गुपचूप दाब उतरणे.

नडगीच्या एका शस्त्रक्रियेत कफ ३०० मिलिमीटर (पारा) दाबावर भरून मी गॉज मोजायला वळलो. थोड्या वेळाने सर्जनांनी विचारले, "ब्रदर, रक्त का येतंय?" चादर उचलून पाहिले, तर काटा १२० वर होता आणि रुग्णाचा वरचा रक्तदाब १४०. अशा वेळी धमनीतून रक्त आत येत राहते, शिरांना मात्र परतीची वाट नसते. त्यामुळे पाय तट्ट फुगतो आणि कफ मुळीच नसता तर झाला असता त्याहून अधिक रक्तस्राव होतो. नळीच्या जोडाला केसाएवढी चीर होती, आणि कफ नक्की किती वाजता भरला हेही फळ्यावर लिहायचे राहून गेले होते.

विजेवरचे यंत्र उतरलेला दाब आपणच भरून काढते, मिनिटे मोजते आणि गळती वाढली की ओरडते. पायावर कफ फुगलेला ठेवण्याची दोन तासांची मर्यादा पाळताना या मोजणीचा मोठा आधार वाटतो. आमच्या यंत्रात त्या अवयवाचा रक्तप्रवाह थांबवणारा दाब मोजण्याचीही सोय आहे. तो १३० पर्यंत असेल तर त्यावर ४०, १९० पर्यंत ६० आणि त्यापुढे ८० मिलिमीटर वाढवतो, त्यामुळे सरसकट ३०० वर भरावे लागत नाही.

अर्थात, कफखालच्या कापसाला सुरकुती पडली आहे किंवा बेटाडीन आत झिरपून कातडी भाजते आहे, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. शिवाय अलार्मचा आवाज बंद करून ठेवण्याची सवय लागली, तर जास्तीचे पैसे कशाला मोजले असा प्रश्न पडेल. बॅटरीही चार्ज ठेवावी लागते.

तरीही माझ्या हातात निवड असेल, तर मी विजेवरचेच घेईन. जुना हातपंप कपाटात आहे. दर सोमवारी तो फुगवून पाच मिनिटे काट्याकडे पाहत बसतो.