लॅटिन रूट्सवालं व्होकॅब ॲप, फक्त ‘टेम्पस’च्या सेटचा रिव्ह्यू

लॅटिन रूटवरून इंग्लिश शब्द शिकवणारं एक पेड ॲप वापरतेय, नाव नाही लिहीत कारण पुढे तक्रार आहे. टेम्पस म्हणजे काळ, पण विभक्ती लागली की टेम्पोरिस होतं, म्हणून टेम्पररीमध्ये तो ‘र’ येतो, हे पहिल्याच कार्डवर सांगून टाकलंय ते बेस्ट केलं.

शब्द फोडून दाखवतात ते मस्तच आहे. कॉन म्हणजे सोबत, म्हणून कन्टेम्पररी म्हणजे एकाच काळातले, ‘आधुनिक’ हा अर्थ नंतर चिकटला. एक्स टेम्पोरे म्हणजे त्या वेळेतूनच, त्यामुळे तयारी न करता ठोकलेलं भाषण ते एक्स्टेम्पोर. टेम्पो इटालियनमधून आलाय. टेम्पेस्टचं मूळ टेम्पेस्टास, त्याचा अर्थ आधी ऋतू, हवामान आणि मग वादळ. पण माझं फेव्हरेट कार्ड टेन्सचं, व्याकरणातला टेन्स जुन्या फ्रेंचमधून आलेला टेम्पसच, आणि आपण टेन्स होतो तो मात्र टेंडेरे म्हणजे ताणणं यातून आलेला, दोघांचा काही संबंध नाही (ग्रामरच्या तासाला दोन्ही एकदम व्हायचे ते सोडा).

आता तक्रार. टेम्प दिसलं की ओढ आत, असं केलंय यांनी. क्विझमध्ये टेम्पोरल लोबचं उत्तर चक्क ‘काळाशी संबंधित मेंदूचा भाग’! अहो लॅटिनमध्ये टेम्पस असाच अजून एक शब्द आहे, अर्थ कानशील, हा लोब कानशिलाच्या आत असतो म्हणून ते नाव. देवळाचं टेम्पलही घुसडलंय, ते टेम्प्लमपासून आलंय. टेम्पर आणि टेम्परेचरचं मूळ टेम्पेरारे, म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणं, त्याचं टेम्पसशी लांबचं नातं काही जण जोडतात पण मग कार्डवर तसं लिहा ना, डायरेक्ट ‘टेम्परेचर = काळ’ कसं काय? आणि खुद्द टाइम हा शब्द लॅटिन नाहीच, जर्मॅनिक आहे, त्याबद्दल कुठे एक ओळ नाही, त्यामुळे नवीन माणूस तोही यातच धरणार.

ऑडिओ ठीकठाक. ॲनस म्हणजे वर्ष, त्याचा सेट वेगळा आहे, तो जास्त नीट केलाय, मिलेनियमच्या स्पेलिंगमध्ये दोन एन का ते तिथे कळतं. चुका रिपोर्ट केल्यात, अजून तशाच दिसतायत. पाचपैकी तीन स्टार, घेतलंत तर शेजारी डिक्शनरी उघडी ठेवा आणि क्विझचा स्कोअर मनावर घेऊ नका.