सराफ्यातला खिशातला तराजू आणि झिजलेली नाणी

इंदूरच्या सराफ्यात सोन्याच्या कामासाठी विकला जाणारा, 200 ग्रॅमपर्यंत वजन घेणारा आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा डिजिटल तराजू मी जुनी नाणी ओळखण्यासाठी वापरतो. पाचशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या या वस्तूने माझ्या दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगापेक्षा जास्त कोडी सोडवली आहेत. नाणे मेटल डिटेक्टरने सापडलेले असो किंवा नांगराच्या फाळाला लागून वर आलेले, त्याच्यावरची अक्षरे आधी जातात. वजन मात्र बरेचसे टिकून राहते.

1835 पासून कंपनी सरकारने नाण्यांची वजने एकसारखी केली: रुपया 11.66 ग्रॅम, तांब्याचा अर्धा आणा 12.95, पाव आणा 6.48 आणि पै 2.16. पाव आणा घासून सहा ग्रॅमवर आला, तरी त्याची गल्लत पै या नाण्याशी किंवा अर्ध्या आण्याशी होत नाही. माझ्याकडे आलेली एक हिरवट, दोन्ही बाजूंनी सपाट चकती 6.08 ग्रॅम भरली, त्यामुळे पाव आण्याचा अंदाज लगेच बांधता आला. पण ते कंपनीचे नाणे आहे की संस्थानाचे, हे तराजू सांगत नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरला, तेव्हा बसलेल्या नंदीचे वशिंड आणि मुडपलेला पाय उठून दिसले. हे इंदूरचे संस्थानिक शिवाजीराव होळकर यांच्या कारकिर्दीतले (1886–1903) नाणे होते.

हाताने पाडलेल्या नाण्यांपुढे मात्र या तराजूची मात्रा कमी चालते. शिवराईचे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचे, वजन नाण्यागणिक बदलते, आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे 'श्री राजा शिव' मधले एखादेच अक्षर हाती लागते. होळकरांच्या मल्हारनगर (इंदूर) टांकसाळीच्या रुपयावर बादशहा शाह आलमचे नाव असते, म्हणून तेथे फारसी लेखाशी झगडत बसण्यापेक्षा सूर्यमुख शोधावे; महेश्वरच्या रुपयावर बेलपत्र आणि शिवलिंग पाहावे. फोटोवरून नाणे ओळखणाऱ्या एका ॲपने माझ्या शिवराईला बेधडक रोमन ठरवले होते, त्यापेक्षा गप्प राहणारा तराजू बरा.

या तराजूचा खरा कस लागतो तो नाणे नसलेल्या वस्तूंवर. महिदपूरकडच्या एका नातेवाइकांनी शेतात मिळालेली पांढरट गोळी आणून दिली. घरातल्या सर्वांचे मत गोटी असे पडले. ती 32.10 ग्रॅम भरली. मग पाण्याची वाटी तराजूवर ठेवून आकडा शून्य केला आणि गोळी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही अशी धरली. आकडा 2.86 आला, म्हणजे गोळीचे घनफळ तेवढे घन सेंटिमीटर. भागाकार 11.2 येतो, शिशाची घनता 11.3 आहे, आणि लोखंड आठच्याही खाली राहते. ती बंदुकीची शिशाची गोळी आहे, एवढे नक्की. इंग्रज आणि होळकरांमधली महिदपूरची लढाई 21 डिसेंबर 1817 ला झाली असली, तरी गोळी त्याच दिवसाची आहे असे म्हणायला वजन पुरेसे नाही.

तक्रारीही आहेत. दोरा नीट धरेपर्यंत तराजू आपोआप बंद पडतो, आणि पंखा चालू असला की शेवटचा आकडा ठरत नाही. वजन करण्यापूर्वी नाणे चिंचेने किंवा पितांबरीने घासू नये. घासल्याने उरलेली अक्षरेही जातात आणि वजनही घटते. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते, आणि संरक्षित स्मारकांच्या आवारात डिटेक्टर घेऊन खणायला जाऊच नये.

तराजू जुळवण्यासाठी लागणारे 100 ग्रॅमचे वजन माझ्या तराजूसोबत आले नव्हते. ते तराजू घेतानाच वेगळे मागून घ्यावे आणि दुकानदाराच्या समोरच एकदा ठेवून पाहावे, आकडा 99.97 ते 100.03 च्या बाहेर गेला, तर दुसरा तराजू मागावा.