रेडिओहेड : आधी ‘ओके कॉम्प्युटर’ की ‘किड ए’?

रेडिओहेड हा इंग्लिश रॉक बँड नव्यानं ऐकणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. १९९७चा ‘ओके कॉम्प्युटर’ गिटारचा अल्बम. त्यातलं ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’ सहा मिनिटांहून मोठं; मध्येच सगळं संथ होतं, गायक थॉम यॉर्कचे आवाज एकावर एक चढत जातात आणि मग जॉनी ग्रीनवुडची गिटार अंगावर येते. दरवेळी काटा येतो.

२०००च्या ‘किड ए’मध्ये गिटार बरीच मागे सरते. पहिल्याच गाण्यात कीबोर्डचे सूर आणि यॉर्कच्या आवाजाचे कापलेले तुकडे. एकही सिंगल (अल्बममधलं सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं) न काढता हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला!

सुरुवात ‘ओके कॉम्प्युटर’नेच करा. पण रात्री दिवे मालवून, हेडफोन घालून मी ऐकते तो ‘किड ए’च.