शिश्नाचं फ्रॅक्चर: लगेच ऑपरेशन की बर्फ आणि गोळ्या?

‘टक्’ असा आवाज, क्षणात गेलेली ताठरता आणि मागोमाग काळी-जांभळी सूज. ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याला निदान समजावून सांगायला नको. आता पुढे काय, एवढंच ठरवायचं असतं. मी पहिली रात्र बर्फ आणि गोळ्यांवर काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन करून घेतलं.

बर्फ-गोळ्यांचा मोह मला पडला, कारण चिरफाड नाही, भूल नाही आणि घरात कुणाला काही सांगावं लागत नाही. फ्रॅक्चर म्हणजे ताठरतेत रक्त भरणाऱ्या भागाभोवतीचं आतलं आवरण फाटणं. सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये हे आवरण शाबूत दिसलं तर हा मार्ग योग्यही असतो. कधी नुसती वरची शीर फुटूनही अशीच सूज येते. तेव्हा बहुधा आवाज झालेला नसतो आणि ताठरता हळूहळू उतरते.

माझा निर्णय झाला तो त्या रात्रीमुळे. पुरुषाला झोपेत तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते, ती काही आपण थांबवू शकत नाही. मी दर वेळी कळ येऊन उठलो. फाटलेलं आणखी फाटतंय, हा विचार डोक्यातून जाईना. ताठरता दाबायला दिलेल्या गोळीचा मला तरी उपयोग झाला नाही. अशा रात्री काही आठवडे काढायच्या, या कल्पनेनेच मी पहाटे होकार कळवला.

ऑपरेशननंतरही रात्री दुखलंच. पण आत विरघळणारे टाके आहेत हे माहीत होतं, त्यामुळे भीती गेली. तिसऱ्या दिवशी घरी आलो, सहा आठवडे संबंध बंद. टाक्यांच्या जागी बारीक गाठ हाताला लागते. वाक आलेला नाही.

प्रत्येकाची जखम वेगळी, शेवटचा शब्द युरॉलॉजिस्टचाच. तरी एवढं सांगतो: हे आवरण एरवी सुमारे २ मिमी जाड असतं, ताठरतेत ते अर्ध्या मिमीपेक्षाही पातळ होतं. न शिवता भरलं तर तिथला व्रण ताणत नाही, म्हणून वाक येण्याची आणि ताठरतेच्या तक्रारींची शक्यता वाढते. अमेरिकी आणि युरोपीय युरॉलॉजी संघटनाही लवकर शिवण्याच्याच बाजूच्या आहेत. दोन-चार दिवस उशीर झाला असला तरी विचारून बघा, वेळ गेलेली नसते.

मूत्रमार्गातून रक्त आलं किंवा लघवी अडली असेल, तर मात्र ही तुलना करत बसू नका. मूत्रमार्गही फाटलेला असू शकतो, थेट रुग्णालय गाठा.