बांदा आचेचं आपुंग जहाज: नुसतं बघू नका, मोजा

इंडोनेशियातल्या बांदा आचे शहरात, पुंगे ब्लांग चुत वस्तीच्या मधोमध 'पीएलटीडी आपुंग 1' हे वीजनिर्मितीचं जहाज पडून आहे. लांबी 63 मीटर, वजन 2,600 टन. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने ते उले लेऊ बंदरातून उचललं आणि दोन-तीन किलोमीटर आत आणून घरांवर टाकलं. आता ते स्मारक आहे. जिन्याने डेकपर्यंत जाता येतं आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. बघायलाच हवं असं ठिकाण आहे, पण एक तयारी करून गेलात तर दुप्पट समजेल.

बहुतेक जण 2,600 टनांचा आकडा ऐकून थक्क होतात. खरं तर तरंगणाऱ्या वस्तूच्या वजनापेक्षा तिचा तळ पाण्यात किती बुडतो हे महत्त्वाचं. हे बार्ज आहे, म्हणजे तळ रुंद. 2,600 टनांना तरंगायला सुमारे 2,540 घनमीटर समुद्राचं पाणी बाजूला सारावं लागतं. रुंदी 20 मीटर आणि तळ सपाट धरला तर बुडालेली खोली जेमतेम 2 मीटर भरते. दोर तुटले आणि दोन मीटरहून खोल पाणी मिळालं की ते पाण्याबरोबर निघालंच. जिथे पाणी त्याहून उथळ झालं तिथे बसलं. म्हणजे जहाज थांबलं ती जागाच पाण्याच्या खोलीची खूण आहे. डेकवरून समुद्राच्या दिशेने बघा: मध्ये सगळी सपाट, सखल जमीन, अडवायला काहीच नाही.

हाच हिशेब शहरातल्याच लाम्पुलो वस्तीत उलट करता येतो. तिथे मासेमारीची लाकडी बोट घराच्या वर अडकली आणि तिच्यावर चढलेले 59 जण वाचले. बोटीच्या तळाची जमिनीपासूनची उंची मोजा, त्यात तिचा पाण्यात बुडणारा भाग मिळवा. तिथे पाणी निदान तेवढं चढलं होतं. आपुंगच्या मानाने लाम्पुलो लहान, पण शिकायला अधिक चांगलं, कारण खूण थेट भिंतीवर आहे.

या स्मारकाची एक मर्यादा मात्र आहे. एवढं मोठं जहाज समोर असलं की माणसं चिरडणारा खरा राडारोडा नजरेतून निसटतो: ओंडके, वासे, पत्रे, मोटारी, पडलेल्या भिंतींचे तुकडे. शहरात आत शिरलेल्या प्रवाहाचा वेग चित्रफितींवरून सेकंदाला 2 ते 5 मीटर निघतो. साडेचारशे किलोचा ओंडका सेकंदाला 3 मीटर वेगाने टोकाकडून खांबावर आदळला तर क्षणभर तीस टनांहून जास्त जोर बसतो. वेग दुप्पट झाला की हा जोर दुप्पट होतो. वजन दुप्पट झालं तर मात्र दीडपटीच्या आतच वाढतो, कारण जोर वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून हलका पण वेगात येणारा कचरा कमी लेखू नये.

दुसरा धोका संथ असतो. वासे आणि पत्रे खांबांमध्ये आडवे अडकतात, त्यांच्यामागे आणखी साचतं आणि मोकळ्या खांबांची इमारत बंद भिंतीसारखी पाणी अडवू लागते. मग प्रवाहाचा सगळा दाब त्या खांबांवर येतो. हे समजून घ्यायला बांदा आचेजवळच्या लाम्पुउक गावातली रहमतुल्लाह मशीद जरूर बघा. आजूबाजूची वस्ती जवळपास पुसली गेली, मशीद उरली. खालच्या मोकळ्या खांबांतून पाणी वाहून गेलं हे त्याचं मोठं कारण. तरीही काही खांब मोडले, आणि आतल्या एका कोपऱ्यात ते तसेच जपून ठेवले आहेत. काँक्रीट कुठे फुटलं आणि सळ्या कुठे वाकल्या ते जवळून बघा. बांधकामाशी संबंध असलेल्यांसाठी माझ्या मते हा कोपरा जहाजापेक्षा मोलाचा.

जायचं तर कुआलालंपूर किंवा मेदानहून विमान सोयीचं. आचे प्रांतात शरियत लागू आहे, तेव्हा हातपाय झाकणारे कपडे घाला. मशिदीत स्त्रियांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. दुपारी स्मारक मध्येच बंद असतं, शुक्रवारी वेळा बदलतात, त्यामुळे सकाळीच गाठा. सोबत मोजपट्टी ठेवा.